आधी खतावणी, मग टॅली

बारावी कॉमर्स झालेलं पोर घेऊन आई-बाप माझ्याकडे आले की माझा सल्ला ठरलेला असे. कॉलेजात वर्षं घालवू नका, तीन महिन्यांचा टॅलीचा क्लास लावा आणि भिवंडीजवळच्या काल्हेर-माणकोलीच्या एखाद्या गोदामात चिकटवून द्या. लूमवाल्यांचे आणि गोदामांचे हिशोब लिहिण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे लोक ऐकत. सल्ल्याला आधारही होता. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, पुढच्या वर्षी ई-वे बिल आलं, आणि संगणकावर बिल काढणारा माणूस भिवंडीत प्रत्येकाला हवासा झाला. पोरं कामाला लागत होती, घरात पगार येत होता.

आता मी हा सल्ला देत नाही.

मत बदलायला सुरुवात झाली ती एका लूममालकाच्या ताळेबंदापासून. त्यांच्याकडे क्लास केलेला मुलगा होता. हात चपळ, आकड्यात कधी फरक नाही. वर्षअखेरीला ताळेबंदात एका व्यापाऱ्याचं लाखोंचं देणं उभं राहिलं. शेठ हादरले. "मी त्याचा एक रुपया लागत नाही, उलट माझी मजुरी त्याच्याकडे अडकलीय!" खरंच होतं. व्यापाऱ्याकडून आलेलं सगळं सूत मुलाने खरेदीत घेतलं होतं.

भिवंडीतले कितीतरी लूम मजुरीवर चालतात. सूत व्यापाऱ्याचं, त्याचं सायझिंग होऊन बीम लूमवर चढतो, आणि विणलेलं ग्रे कापड त्याच व्यापाऱ्याकडे परत जातं. लूममालकाची असते ती फक्त विणाईची मजुरी. सूत चलनावर येतं, म्हणून ते त्याची खरेदी नाही, की त्याचा स्टॉक नाही. किती किलो आलं, किती मीटर गेलं, घट किती, हे वेगळं लिहायचं. व्यापाऱ्याकडेही हिशोब चोख हवा, कारण असा माल वर्षभरात परत आला नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. टॅलीत जॉबवर्कची सोय आहे. पण माल कुणाचा, हे खुर्चीवर बसलेल्याला आधी कळावं लागतं. गोदामांतही तेच. रॅक छतापर्यंत भरलेले, पण माल दुसऱ्यांचा; गोदाम चालवणाऱ्याचं उत्पन्न म्हणजे साठवणुकीचं भाडं आणि हाताळणी.

त्या मुलाला मी दोष देत नाही. व्हाउचरच्या कळा त्याला शिकवल्या होत्या, मालकी आणि ताबा यांतला फरक कुणी शिकवलाच नव्हता. तो शिकायला जर्नल, खतावणी, तेरीज, ताळेबंद हातानं लिहावा लागतो, कुणीतरी "हे नावे का, ते जमा का" असं पुन्हापुन्हा विचारावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि शिक्षक लागतो.

ज्याला हे कळतं तो मालकाच्या उपयोगी पडतो. उदाहरणच घ्या. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार नसेल तर 15 आणि असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते न केल्यास, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत देणेकऱ्याला तो खर्च आयकरात धरता येत नाही, ही तरतूद 2023-24 पासून लागू आहे. उद्यम नोंदणी असलेल्या लूमवाल्याच्या अडकलेल्या मजुरीसाठी हे केवढं बळ! पण ते सुचायला येणी तारखेनुसार मांडता आली पाहिजेत. नुसती बिलं काढणारा पाच वर्षांनीही बिलंच काढत राहतो, आणि त्याचा पगारही तिथेच राहतो.

हे शिकायला कॉलेज लांब आहे असंही नाही. बी.एन.एन. कॉलेज गावात आहे, मुलींसाठी जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय आहे. ज्या घरातून मुलीला रोज कल्याण-ठाण्याला पाठवणार नाहीत, त्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तीन वर्षं परवडत नाहीत, ही आई-बापांची अडचण खरी आहे, ती मी कधीच हलकी मानली नाही. पण नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतरही प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, त्यासाठी चार क्रेडिटचं कौशल्याचं शिक्षण किंवा इंटर्नशिप करावी लागते. पुढे परत येऊन पदवी पुरी करता येते. म्हणून आता मी सांगतो, एक वर्ष तरी नीट शिका, टॅली त्याच वर्षात संध्याकाळी करा.

उरलं काम आपलं, मालकांचं आणि हिशोबनिसांचं. इंटर्नशिपसाठी या मुलामुलींनी मुंबईला का जावं? सायझिंगवाल्यांनी, लूममालकांनी, गोदामवाल्यांनी उन्हाळ्यात दोघातिघांना आपल्या गादीवर बसू द्यावं, चलनांची फाइल त्यांच्या हातात द्यावी आणि जाण्यायेण्याचा खर्च द्यावा. माझ्याकडे दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, त्या मी या उन्हाळ्यापासून देतोय. तुम्हीही द्या.