आकडा, मीटर, मत

१. मुळा आणि प्रवरा, दोन्ही नद्यांवर धरणं आहेत. या नद्यांची नावं घेतलेल्या श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा संस्थेनं मात्र वीज स्वतः न बनवता राज्य वीज मंडळाकडून घाऊक घेतली आणि सभासदांना किरकोळ विकली.

२. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं. त्याच सुमारास प्रयोग म्हणून देशात पाच सहकारी वीजसंस्था निघाल्या : हुक्केरी, सिरसिल्ला, कोडिनार, लखनौ आणि मुळा-प्रवरा. नमुना अमेरिकन, सल्लागारही अमेरिकन. नगर जिल्ह्याला सहकार शिकवायला! याच जिल्ह्यातल्या लोणीच्या सहकारी साखर कारखान्याची धुराडी तोवर जुनी झाली होती.

३. तिकडे अमेरिकेत १९३५ साली दहा शेतकऱ्यांमागे जेमतेम एकाकडे वीज होती. कंपन्या म्हणत, घरं लांब लांब, तार ओढणं परवडत नाही. मग अध्यक्ष रूझवेल्टनं सरकारी कर्ज देऊ केलं आणि शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या.

४. टेक्सासमधली पेडर्नालिस ही अशीच एक संस्था, १९३८. कर्जासाठी मैलामागे तीन ग्राहक हवेत, तेवढी घरंच नव्हती. तरुण खासदार लिंडन जॉन्सन थेट रूझवेल्टकडे गेला. कर्ज मिळालं. आमदार-खासदाराशिवाय खांब येत नाही, हे आपल्याकडचंच वैशिष्ट्य नव्हे.

५. त्याच पेडर्नालिसमध्ये सत्तर वर्षांनी सभासद कोर्टात गेले. उमेदवार कोण, हे संचालक मंडळच ठरवत होतं. २००८ पासून निवडणूक खुली झाली.

६. इकडे मुळा-प्रवरेत बहुतेक शेतीपंपांना मीटर नव्हतं, आकारणी अश्वशक्तीवर. मोटार दोन तास चालली काय नि दहा तास चालली काय, बिल तेच. आणि पीक ऊस.

७. सभासद म्हणजे मालक. थकबाकीदारही सभासदच. वायरमननं जोड तोडायचा तो कुणाचा? ज्याच्या मतावर संचालक निवडून येतो, त्याचा.

८. २००४, विधानसभा निवडणुकीआधी : महाराष्ट्रात शेतीपंपांची वीज मोफत.
२००५ : निर्णय मागे.

९. मुळा-प्रवरेकडे महावितरणचं, म्हणजे वीज मंडळाच्या जागी आलेल्या वितरण कंपनीचं, येणं दोन हजार कोटींच्या पुढे गेलं. संस्थेचा मुद्दा असा की ग्राहक बहुतेक शेतकरी, त्यांना वीज स्वस्त द्यायची. मग घाऊक दरानं घेतलेली वीज परवडणार कशी? मुद्दा बिनबुडाचा नव्हता. पण वसुली चोख असती, तर तो जास्त जोरात मांडता आला असता.

१०. ३१ जानेवारी २०११ : परवान्याची मुदत संपली. वीज नियामक आयोगानं वितरण महावितरणकडे दिलं. खांब, तारा, रोहित्रं संस्थेची; त्यांतून वाहणारी वीज महावितरणची. धनको ऋणकोचा भाडेकरू झाला. भाडं किती, यावर वर्षानुवर्षं वाद.

११. बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था त्यानंतरही वीज देत राहिली.

१२. सिरसिल्लाचीही. तिथं २०२२ साली संचालकांच्या निवडणुकीत तेलंगणातले मोठे पक्ष विधानसभेसारखे भिडले. गाव यंत्रमागांचं आहे, म्हणजे विजेवर चालणारं.