सात मीटर

आंबी नदीवरच्या पानशेत जलाशयात 10.65 अब्ज घनफूट उपयुक्त पाणी मावते आणि मोसे नदीवरच्या वरसगावात 12.82, तरीही या दोन जलाशयांच्या काठची गवताची गंजी ऐन चैत्रात पेटावी, बंबाची टाकी मध्येच रिकामी व्हावी आणि समोर चमकणारे पाणी नळीत मात्र येऊ नये, हा प्रकार पुण्याहून आलेल्या पाहुण्यास सांगितला तर तो सांगणाऱ्याच्या अकलेविषयी शंका घेईल. घेवो बापडा. मी जवळजवळ सारी नोकरी त्या एकाच अडचणीशी भांडण्यात घालविली असल्यामुळे, नियत वयोमानानुसार दप्तर मिटताना लिहायचेच झाले तर तिच्याविषयी लिहिणे मला प्राप्त आहे.

अडचण अशी: पंप नळीतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा भार पाण्यास नळीतून वर ढकलतो, तो समुद्रसपाटीवर फार तर 10.3 मीटर. आमचे खोरे सुमारे सहाशे मीटर उंचीवर असल्याने तो हिशेब आरंभीच दहाच्या आत येतो. पुढे नळीतले घर्षण, जाळीत अडकलेला गाळ आणि जोडांतून चोरपावलांनी शिरणारी हवा हे सावकार आपापले व्याज कापून घेतात आणि आपल्या हाती सात मीटर उरतात. श्रावण-भाद्रपदात, धरण तुडुंब असताना, हे सात मीटर राजाच्या खजिन्यासारखे वाटतात, पण तेव्हा डोंगर हिरवेगार असतात आणि काही पेटत नाही. खालच्या पुणे शहराची तहान आणि खडकवासल्याच्या कालव्यावरची दौंड-इंदापूरकडील शेती यांसाठी हिवाळाभर व उन्हाळाभर वरचे पाणी खडकवासला धरणात सोडले जाते. पातळी उतरते, पाणी रस्त्यापासून दूर जाते, आणि मध्ये उरतो भेगाळलेल्या गाळाचा उतार, ज्यावर बंबाचे चाक घालणे म्हणजे क्रेनसाठी दुसरी वर्दी देणे होय. म्हणजे गवत जेव्हा वाळते तेव्हाच पाणी खाली जाते. निसर्गाने ही दोन वेळापत्रके एकत्र बसून ठरविली असावीत, असा मला अनेक वर्षे संशय होता.

आमच्या वर्षाचे बाकीचे महिने थोडक्यात सांगता येतात. मृगानंतर झाडे कोसळतात, घाटात दरड येते, आणि प्रत्येक रविवारी खानापूर, सोनापूर, रुळे, आंबी या वाटेने मोटारींची अशी रांग लागते की बंबाची घंटा ऐकूनही कोणास बाजूला होण्यास जागा नसते. बुडिताच्या वर्दीवर आम्ही पोहोचतो तेव्हा बहुधा गळ टाकण्याचेच काम राहिलेले असते. त्या कामात आमच्याहून काठावरची गावातली पोरे अधिक जाणती असतात, कारण जुन्या नदीचे पात्र जलाशयाखाली कोठून जाते हे त्यांना आजोबांकडून कळलेले असते, आणि पंचनाम्यात त्यांचे नाव क्वचितच येते. दिवाळीत फटाके, थंडीत गडावरची आग्या मोहळे. हे सारे काम मी केले, चांगले केले, आणि त्याविषयी मला विशेष काही सांगावेसे वाटत नाही.

सांगावेसे वाटते ते पंपाविषयी. पंपाने पाणी उचलले की नाही हे मी आवाजावरून ओळखत असे. हवा धरलेल्या पंपाचा सूर निराळा, पाणी धरू लागलेल्याचा निराळा, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक खरखरीत, अनिश्चित असा स्वर असतो. त्या स्वराच्या वेळी इंजिन किंचित चढवायचे की उतरवायचे यावर सारे अवलंबून असते. तो क्षण मला इतका नेमका कळे की शेजारच्या अग्निशमन केंद्रांतले तांडेल मुद्दाम पाहावयास येत, आणि ते आले की मी गेजाकडे पाठ करून उभा राही. गेजाकडे पाठ करण्याचे तांत्रिक कारण काहीच नव्हते. ते शुद्ध प्रदर्शन होते, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही.

गेल्या काही वर्षांत उजव्या कानाने तो मधला स्वर द्यायचे सोडले. ज्या पंपांनी मला तो शिकविला त्यांनीच तो परत घेतला, असे कानाच्या डॉक्टरांच्या बोलण्याचे तात्पर्य होते. हाताखाली शिरकोलीकडचा एक मुलगा आला होता. मितभाषी, आणि गेजावरून नजर न हलविणारा. एकदा काठावर मी नेहमीप्रमाणे पाठ करून उभा असताना तो हलकेच म्हणाला, “तात्या, व्हॅक्यूम पडतंय,” आणि माझी वाट न पाहता त्याने तिसरा जोड आवळला. पाणी आले. मला काहीही ऐकू आलेले नव्हते.

त्यानंतर तरंगता पंप आला. डोक्याएवढे इंजिन, खाली फुगीर तबक. दोघांनी उचलून पाण्यावर सोडावे, दोरी ओढून चालू करावे, आणि त्याने पाणी वर ढकलावे. ओढण्याचा प्रश्नच संपला. जो स्वतः पाण्यावर बसला आहे त्याला सात मीटर कसले? माझ्या आयुष्यभराच्या शत्रूचा असा निकाल दोन माणसांनी उचलण्याजोग्या यंत्राने लावला, तेव्हा मी जो पहिला आक्षेप काढला तो असा की दर दहा मीटर चढास एक किलो प्रेशर जाते आणि या खेळण्याचे प्रेशर मुळात बेताचे. आक्षेप खरा आहे. पण त्या मुलाने सबंध उतारावर होज अंथरून बंबाची टाकी भरून दाखविली. सावकाश भरली, पण भरली. गाळात पंप टेकला तर चिखल खातो, तेव्हा त्याने पंपास दोर बांधून तो आत सरकवून ठेवण्याची युक्तीही काढली. मी ती रोजनाम्यात नोंदविली, त्याच्या नावासह. तेवढे औदार्य मला अवघड गेले.

शहरातल्या दलांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. रस्त्यातल्या हायड्रंटास होज जोडली की पाणी मिळते अशा ठिकाणी काम केलेला माणूस शूर असू शकतो, कुशल असतोच असे नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाची 66 माणसे गेली. त्यांच्या स्मरणार्थ देशभर त्या तारखेपासून सप्ताह पाळला जातो, संचलने होतात, भाषणे होतात. त्या माणसांपुढे मी मस्तक नमवितो. परंतु तो सप्ताह नेमका आमच्या वणव्यांच्या भरात येत असल्याने संचलनास आमच्याकडे माणूस मोकळा नसतो, आणि आमची गैरहजेरी दरवर्षी अनास्था म्हणून नोंदविली जाते. वनखात्याच्या लोकांचा मात्र मला खरा हेवा वाटतो. हिवाळ्यात जाळरेषा काढून ठेवावी, आग आली की ओल्या डहाळ्यांनी झोडपावी, हल्ली पाठीवर ब्लोअर घ्यावा. पाण्याचा थेंब नको. डोंगरमाथ्यावरच्या वणव्यावर पाणी नेणे हा माझा हट्ट होता, शास्त्र त्यांच्या बाजूचे होते, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधीही बोललो नाही.

या खोऱ्यात पाण्याचा हिशेब चुकण्याचे परिणाम आमच्याहून फार मोठ्या माणसांनी पाहिले आहेत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. वरून पाणी खाली सोडणारे विमोचक काम पुरे न होताच वापरावे लागले, त्याच्यावरचा भराव खचला, लष्करी जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी धरण राहिले नाही. खडकवासलाही फुटले, पुण्याच्या पेठा बुडाल्या, आणि पूर ओसरल्यावर त्याच पुण्याच्या नळांना पाणी नव्हते. चौकशीचे काम न्या. बावडेकरांकडे व त्यांच्यानंतर न्या. नाईकांकडे गेले. मला या साऱ्या कथेत सर्वांत अस्वस्थ करते ती नळांची गोष्ट. पाणी असणे आणि पाणी हाती असणे या दोहोंतले अंतर तेव्हा सबंध शहराने मोजले. आम्ही ते दर उन्हाळ्यात मीटरांत मोजतो.

माझ्या नोकरीच्या काळात ऱ्हास म्हणावा असा बदल एकच झाला आहे, आणि तो यंत्रांचा नव्हे. पूर्वी गुरे पाण्यावर नेण्याच्या वाटा होत्या. त्याच वाटांनी बंब जमेल तितका खाली उतरे. आता काठाकाठाने कुंपणे झाली, फार्महाऊसांची फाटके झाली, फाटकांस कुलपे आली, आणि कुलपाची किल्ली पुण्यात. तरंगता पंपसुद्धा बंद फाटकावरून फेकता येत नाही.

म्हणून काठावर ज्यांनी जागा घेतल्या आहेत त्यांना माझी विनंती आहे. बंब जाईल एवढी वाट पाण्याच्या दिशेने मोकळी ठेवावी आणि फाटकाची एक किल्ली गावातल्या कोणा जबाबदार माणसाकडे द्यावी. हे पौषाच्या आत व्हावे. माघ लागला की आमच्याकडे गवत वाळलेले असते.