प्रयोगशाळेतली किडनी आणि आमची चूक



आमच्या मंडळीचा भेटगट दर शनिवारी आजाऱ्यांच्या घरी जातो. आम्ही सहाजण आहोत. बायबल, गीतांचं पुस्तक आणि थोडी फळं घेऊन जातो. पण किडनीच्या रुग्णाकडे फळंही विचारून न्यावी लागतात, हे बेळगावातल्या एका भावाकडे जायला लागल्यावर आम्ही शिकलो. केळं चालत नाही, शहाळं चालत नाही. पाणी मोजून प्यायचं. आम्हाला भरलेला कप चहा येतो आणि भाऊ दोन घोट घेऊन कप खाली ठेवतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास.

त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना ताई म्हणतो, पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, “माझी किडनी घ्या.” भाऊ तयार नव्हते. “दोन लेकरं आहेत. तुला काही झालं तर?” शेवटी पाळकसाहेबांनी समजावलं आणि ताईंच्या तपासण्या सुरू झाल्या.

त्याच दिवसांत आमच्या हातून एक चूक झाली. गुरुवारच्या प्रार्थनासभेत आमच्यापैकी एकाने मोबाइलवर आलेला निरोप वाचून दाखवला. आता प्रयोगशाळेत किडनी तयार होते, यापुढे दात्याची गरजच नाही, असं त्यात होतं. आम्ही देवाची स्तुती केली, मोठ्याने आमेन म्हटलं. भाऊ तिथेच बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासण्या थांबवल्या. “देवाने दुसरा मार्ग उघडलाय. थोडी वाट पाहू.”

आठ महिने गेले. मग एका रात्री छातीत पाणी भरलं, श्वास लागला आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तपासण्या का थांबवल्या, असं डॉक्टरांनी विचारलं. ताई म्हणाल्या, “चर्चमध्ये सांगितलं होतं.” हे त्यांनी आम्हाला न रागावता सांगितलं. आम्हाला उत्तर देता आलं नाही.

त्या रविवारी उपासनेनंतर आम्ही थांबलो. गटात एक निवृत्त नर्सताई आहेत आणि हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवणारे एक सर आहेत. त्यांच्या मदतीने आम्ही आधी करायला हवा होता तो अभ्यास केला.

निरोपात सगळंच खोटं नव्हतं. अमेरिकेत डॉ. अँथनी अटाला यांनी मुलांच्या मूत्राशयातल्या थोड्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या, पिशवीच्या आकाराच्या साच्यावर पेरल्या आणि तयार झालेला भाग त्याच मुलांच्या शरीरात जोडला. अशा सात रुग्णांची हकिकत 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मनीत सात वर्षांच्या एका सीरियन मुलाची कातडी जन्मजात आजाराने जवळजवळ सगळी गळून गेली होती. त्याच्याच पेशींतला दोष दुरुस्त करून इटलीत नवी कातडी वाढवली गेली आणि त्याच्या अंगाच्या सुमारे 80 टक्के भागावर ती लावली. ती हकिकत 2017 मध्ये छापून आली. त्या मुलाविषयी वाचताना आमच्यातल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग किडनी का नाही? सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. कातडी पातळ चादरीसारखी असते आणि मूत्राशय पिशवीसारखा. पण एका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, प्रत्येकीला स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात आणि हे सगळं एकमेकांशी जुळून चालावं लागतं. शास्त्रज्ञांनी उंदराची किडनी साबणासारख्या द्रवाने धुऊन तिचा नुसता सांगाडा ठेवला, त्यात नव्या पेशी भरल्या आणि 2013 मध्ये तिच्यातून थोडी लघवी तयार झाल्याचं दाखवलं. माणसाच्या पेशींपासून किडनीचे चिमुकले नमुनेही वाढवले जातात. पण त्यातलं काहीही भावांच्या शरीरात बसवण्याजोगं नाही.

आमच्यात एक जुना प्रश्नही निघाला. हे देवाच्या कामात हात घालणं नाही का? आम्हाला तसं वाटलं नाही. साचा माणूस करतो, पेशी माणूस पेरतो, पण पेशीतलं जीवन त्याने निर्माण केलेलं नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लावणाऱ्याचं, पाणी घालणाऱ्याचं आणि वाढवणाऱ्या देवाचं जे सांगितलं, ते इथेही लागू पडतं. पेशी कुठून आणतात, हे मात्र आपण विचारलंच पाहिजे. मानवी गर्भ नष्ट करून पेशी मिळवणं अनेक ख्रिस्ती लोकांच्या विवेकाला पटत नाही. जपानचे डॉ. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या कातडीच्या पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन दाखवल्या, तेव्हा गर्भाला हात न लावता पुढे जाण्याची वाट मिळाली. त्यांना 2012 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

वाचता वाचता एक दुःखद गोष्टही समोर आली. स्वीडनमध्ये पाओलो माक्कियारिनी नावाच्या सर्जनने 2011 पासून प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्या पेशी लावून ती रुग्णांत बसवली. जगभर कौतुक झालं. पण त्या नळ्या जिवंत झाल्याच नाहीत. तिथले तिन्ही रुग्ण पुढे मरण पावले. 2023 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्या सर्जनला अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. हे वाचून आम्ही गप्प झालो. त्यांचा अपराध फार मोठा, पण मूळ आमच्या चुकीपासून लांब नव्हतं. जे अजून झालेलं नाही ते झालं म्हणून सांगणं म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्षच. ती देवाच्या नावाने दिली तर अधिकच वाईट.

पुढच्या शनिवारी आम्ही भावांकडे गेलो आणि गीत म्हणण्याआधीच सांगितलं, “भाऊ, आम्ही चुकलो. खात्री न करता बोललो.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आशा खोटी होती?”

सर म्हणाले, “आशा खोटी नाही. तुमच्या नातवंडांना कदाचित तशी किडनी मिळेल. पण ती तुमच्या वेळेत येईल असं आम्हाला सांगता येत नाही. तसं आम्ही बोललो, ही आमची चूक.”

आम्ही त्यांना बोस्टनमधली जुळ्या भावांची गोष्ट सांगितली. 1954 च्या डिसेंबरमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याचा भाऊ रिचर्डला बसवली. निरोगी माणसाच्या अंगाला दुसऱ्यासाठी सुरी लावावी का, हा प्रश्न तेव्हा नवा होता. डॉक्टरांनी धर्मगुरूंचाही सल्ला घेतला. रिचर्ड आठ वर्षं जगला, त्याने दवाखान्यातल्या नर्सशी लग्न केलं. देणारा रोनाल्ड 2010 पर्यंत जगला.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. नर्सताई त्यांना आत घेऊन गेल्या आणि एकांतात विचारलं, “तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना? मंडळीचासुद्धा?” आपल्या देशात देणाऱ्यांत बायका आणि आया जास्त असतात, म्हणून हे विचारणं गरजेचं होतं. दबावाने घेतलेल्याला दान म्हणता येत नाही. ताई म्हणाल्या, “दबाव असला तर तो न देण्याचाच आहे. मला अडवू नका, एवढंच यांना सांगा.”

आम्ही सांगितलं. भाऊ रडले आणि हो म्हणाले.

त्या रात्री घरी जाताना थोमाची आठवण आली. पुनरुत्थित प्रभूचं शरीर गौरवी होतं, तरी कुशीतली खूण त्याने पुसली नव्हती. ती त्याने शिष्यांना दाखवली. प्रेमाने दिलेल्या शरीरावरची खूण देवाला लाजिरवाणी वाटत नाही. ताईंच्या कुशीवर खूण उमटली तर तिच्याकडे पाहताना आम्हाला हे आठवेल.

तपासण्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. निकाल काय येईल हे देव जाणतो. आमच्यातले दोघं डायलिसिसच्या दिवशी गाडी नेतात, एक जण मुलांना संडेस्कूलला आणतो.

प्रियजनहो, 2023 मध्ये आपल्या देशात अठरा हजारांहून अधिक अवयव प्रत्यारोपणं झाली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे जेमतेम अकराशे होते. बाकीचा भार जिवंत माणसांनी, बहुतेक वेळा घरच्यांनी, उचलला. प्रयोगशाळेतल्या त्या दिवसासाठी आपण जरूर प्रार्थना करू. पण तोवर कुणीतरी वाट पाहत आहे. आम्ही सहाजणांनी अवयवदानाची नोंदणी केली आहे आणि घरी तसं स्पष्ट सांगून ठेवलं आहे, कारण ऐनवेळी निर्णय घरच्यांनाच घ्यावा लागतो. तुम्हीही आज जेवताना घरात हा विषय काढा.

आणि चर्चमध्ये काही वाचून दाखवण्याआधी, ते खरं आहे का हे आधी पाहा.

प्रभू, आमच्या ओठांवर पहारा ठेव. संशोधकांना शहाणपण आणि सचोटी दे. वाट पाहणाऱ्यांना धीर दे. देणाऱ्यांना सांभाळ. येशूच्या नावाने मागतो. आमेन.