तिसऱ्या पिनेच्या मागे

नागपुरात मे महिन्यात लॅपटॉप उघडायचा तर एसीच्या खोलीपेक्षा मला कूलरची खोली चालते. गिऱ्हाइकांना ही गंमत वाटते. पण इथली दुपारची हवा आधीच कोरडी ठाक, त्यात एसी उरलीसुरली ओलही काढून घेतो. कूलरच्या ताट्यांतून येणारी हवा निदान दमट असते. स्टॅटिकवरच्या जुन्या पुस्तकांत हमखास भेटणारा एक तक्ता आहे: बाकावर बसून काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर दमट हवेत 100 व्होल्ट साठतात, कोरड्या हवेत 6,000. माणूस तोच, बाकही तेच. (कूलरचा झोत थेट बोर्डावर मात्र नको, त्यातून तुषार उडतात.)

मी काम शिकलो मुंबईत, लॅमिंग्टन रोडवर. तिथे आमच्या ओळीत मनगटाला पट्टा बांधणारा कुणी नव्हता आणि बोर्ड मरत नव्हते. आमचा हात हलका म्हणून हे घडतं, अशी आमची समजूत. आता वाटतं, ते श्रेय हाताचं कमी आणि समुद्राचं जास्त. विदर्भात डिसेंबरमध्ये अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर डोक्यावरून काढताना जी चटचट ऐकू येते, ती लॅमिंग्टन रोडच्या घामात कधी ऐकलीच नव्हती.

‘मला तर झटका बसला नाही,’ हे वाक्य मी पोरांकडून इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर तोंडपाठ झालंय. माणसाला झटका जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. काही नाजूक चिपा शंभराच्या आसपास, कधी त्याहूनही कमी व्होल्टांत जातात. चिपेच्या आत ट्रान्झिस्टरच्या गेटखाली जो इन्शुलेशनचा थर असतो, त्याची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. त्याला भोक पडतं तेव्हा ना आवाज येतो, ना वास. आणि कधी कधी भोक पुरतं पडतही नाही. बोर्ड चालू होतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, आणि दोन-तीन महिन्यांनी ‘भाऊ, परत नो डिस्प्ले’ म्हणत दारात उभं राहतं. तेव्हा कारण काय, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही.

म्हणूनच पट्टा न बांधणाऱ्यांशी वाद घालणं अवघड. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ असं ते म्हणतात, आणि झालं असतं तरी त्यांना कळलं नसतं हे मी सिद्ध करू शकत नाही. त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करतो: ‘स्टॅटिकने गेला’ म्हणून ज्या बोर्डांची नावं घेतली जातात, त्यातले पुष्कळसे बॅटरी न काढल्याने गेलेले असतात. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेची केबल ओढली की बॅकलाइटचं चढं व्होल्टेज शेजारच्या पिनांवर जातं, आणि त्यातली एखादी थेट प्रोसेसरकडे जाणारी असते. म्हणून खालचं झाकण निघालं की पहिला हात बॅटरीच्या कनेक्टरला. प्लॅस्टिकच्या पट्टीने तो हळूच सरकवायचा, मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे कॅपॅसिटरांत उरलेलंही जातं. पट्ट्याची गोष्ट त्यानंतर.

स्टॅटिक म्हणजे अंगातली वीज आणि ती ‘काढून टाकायची’, असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. मारतो तो फरक. माझ्या अंगावर हजार व्होल्ट आहेत आणि बोर्डावरही तितकेच, तर त्याला हात लावल्याने काहीच होत नाही. म्हणून कारागिराचं काम इतकंच, की तो, त्याच्या पुढ्यातली मॅट आणि बोर्ड, तिघं एका पातळीवर आणायचे. माझ्या उस्तादांना यातलं पुस्तकी काही माहीत नव्हतं, पण रॅम हातात घेण्याआधी ते डाव्या हाताने लॅपटॉपच्या धातूच्या फ्रेमला स्पर्श करत आणि तो हात तिथेच ठेवत. लोक स्पर्श करतात आणि हात काढतात. मग खुर्चीत जरा सरकले की अंगावर पुन्हा चार्ज. उस्तादांचा हात जागचा हलत नसे.

मॅट आणि पट्टा दोन्ही एकाच बिंदूला जोडायचे आणि तो बिंदू अर्थिंगला. इथे आपल्याकडे खरी मेख आहे. सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे तार असेलच असं नाही. पूर्वी लोक नळाच्या पाइपाला तार बांधत. आता पाइप प्लॅस्टिकचे झाले, तरी तार बांधणारे आहेतच. माझ्या दुकानाच्या पहिल्या जागेत अर्थच्या पिनेवर टेस्ट लॅम्प झकास पेटत होता. मला शंका आली ती त्याच्या झकासपणाचीच. प्लेट उघडली तर वायरमनने आतल्या आत न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थला मारलेला. मागे कुठे न्यूट्रल तुटली तर त्या पिनेवर, म्हणजे पर्यायाने माझ्या मनगटावर, 230 व्होल्ट आले असते.

चांगल्या पट्ट्यात एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो तो याचसाठी. 230 व्होल्ट आले तरी त्यातून 0.23 मिलिअँपिअर जातो, मुंगीही चावल्यासारखं वाटत नाही. स्टॅटिक मात्र निवांत वाहून जातो. स्वस्तातल्या पट्ट्यांत कधी हा रेझिस्टरच नसतो, कधी गुंडाळीच्या वायरीत आतून तुटलेलं असतं. आमच्याकडे सकाळी शटर वर गेलं की पोरगा मल्टीमीटर घेऊन आधी पट्टा मोजतो. वायर नसलेले पट्टेही बाजारात मिळतात. त्यांच्याविषयी बोलण्यासारखं काही नाही. आणि अ‍ॅडॅप्टर उघडून मेनवर काम करताना पट्टा काढून ठेवायचा, यावर चर्चा नाही.

बोर्ड येतात कशात, तर थर्माकोलमध्ये, किराण्याच्या कॅरीबॅगेत. थर्माकोल माझ्या टेबलावर येऊच देत नाही. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज तयार करत नाही, पण बाहेरची ठिणगीही अडवत नाही. ते काम चंदेरी पिशवीचं, तेही बोर्ड आत आणि तोंड बंद असेल तेव्हाच. त्या पिशवीवर बोर्ड पसरून काम करणाऱ्यांचं काय साधतं, देव जाणे.

घरी जाऊन काम करायचं असलं की तिथल्या सॉकेटवर मी भरवसा ठेवतच नाही. अ‍ॅडॅप्टर काढतो, बॅटरी सुटी करतो आणि पट्ट्याची क्लिप बोर्डाच्या स्क्रूभोवतीच्या तांब्याच्या कड्याला लावतो. अर्थिंग नसलं तरी मी आणि बोर्ड एक होतो, तेवढं पुरतं. परवा एका काकूंनी आग्रहाने रेक्झिनच्या सोफ्यावर बसवलं, पंखा लावला, चहा टाकला. मी जमिनीवर बसायला एखादी जुनी सुती चादर मागितली. ‘अहो, खाली कशाला बसता?’ म्हणत त्यांनी कपाटातून नवीकोरी काढली, पॉलिएस्टरची, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात. ती परत देऊन पायपुसण्याजवळची धुतलेली चादर मिळवायला मला स्क्रू काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.