मिशन पीकच्या पायथ्याशी मल्हारी

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या पूर्वेला मिशन पीक उभा आहे. सुमारे अडीच हजार फूट उंचीचा, झाडं कमी आणि गवत फार असलेला डोंगर. मे महिन्यापासून तो पिवळा पडत जातो आणि ऑक्टोबर सरता सरता, उतरत्या उन्हात, जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळलेल्या भंडाऱ्यासारखा दिसू लागतो. मग पहिला पाऊस येतो. थोड्याच दिवसांत उतारांवर हिरवी लव धरते, ढग शिखरावर टेकतात, संध्याकाळी पाचच्या आत दिवे लागतात. अशा ओल्या, लवकर अंधारणाऱ्या दिवसांत इथल्या मराठी घरांत मार्गशीर्ष येतो आणि प्रतिपदेला खंडोबाचे घट बसतात.

हे शहर मुळात पाच गावांचं. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही गावं १९५६ मध्ये एकत्र आली आणि फ्रीमाँट झालं. त्याआधी कितीतरी शतकं ही भूमी ओलोनी लोकांची होती. १७९७ मध्ये स्पॅनिश धर्मोपदेशकांनी डोंगराच्या पायथ्याशी मिशन सॅन होजे उभारलं. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,३०,५०४ भरली आणि त्यात निम्म्याहून अधिक माणसं आशियाई वंशाची निघाली. त्यांच्या देवांचे पत्ते रस्त्यावरून दिसतात. टेकडीच्या अंगाला गुरुद्वारा आहे, त्याच्या रस्त्याचं नावच गुरुद्वारा रोड. एके ठिकाणी चर्च आणि मशीद शेजारी शेजारी बांधली आहेत, त्या गल्लीला पीस टेरेस म्हणतात. डेलावेअर ड्राइव्हवर वैदिक धर्म समाजाचं हिंदू मंदिर आहे.

मल्हारीचं ठाणं मात्र घराच्या आत. स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटात, मसाल्यांच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, तो टाकाच्या रूपात असतो. दोन-तीन बोटं रुंदीचा चांदीचा पत्रा आणि त्यावर उठवलेला ठसा: घोड्यावर बसलेला देव, हातात खड्ग, सोबत म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. घर वेगळं झालं की वडीलधारी माणसं असे टाक करून देतात. वर्षानुवर्षांच्या स्नानाने ते झिजतात, देवाचे नाकडोळे पुसट होतात. मग सोनाराकडून नवे घडवायचे आणि जेजुरीला नेऊन भेटवून आणायचे. आपला देव मूळ देवापुढे ठेवायचा, भंडारा लावायचा आणि मगच देव्हाऱ्यात बसवायचा. फ्रीमाँटच्या घरांतले टाकही असेच विमानाच्या हातसामानातून जातात आणि येतात. मूळ पीठाशी नातं असं पुन्हा पुन्हा जाऊन जपावं लागतं.

खंडोबाला प्रवास नवा नाही. 'मल्हारी माहात्म्य' हा संस्कृत ग्रंथ त्याची कथा सांगतो ती अशी: मणिचूर्ण पर्वतावर तप करणाऱ्या ऋषींना मणी आणि मल्ल या दैत्यांनी छळलं, तेव्हा शंकराने मार्तंड भैरवाचा अवतार घेतला. लढाई मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत चालली. मणी शरण आला, त्याला देवाजवळ जागा मिळाली. मल्ल पडला, त्याच्या नावावरून देव मल्हारी झाला. षष्ठीचा तो दिवस म्हणजे चंपाषष्ठी.

ग्रंथ इथे थांबतो, पण वाघ्या-मुरळीची जागरणातली गाणी पुढे जातात. तिथे देव नेवाशाच्या वाण्याच्या लेकीशी, म्हाळसेशी, लग्न करतो, आणि मग चंदनपुरीला जाऊन बाणाई धनगरणीसाठी तिच्या घरी चाकर राहतो, मेंढ्या राखतो. याशिवाय शिंपी, माळी आणि तेली घरांतल्या बायकाही गाणी त्याला देतात. एवढ्या सासुरवाड्या असलेला देव कुणा एका जातीचा राहूच शकत नाही. धनगर कळपामागे चालले, वाणी मालाबरोबर चालले, सरदार फौजेबरोबर चालले आणि त्या सगळ्यांसोबत तो चालला. मल्हारराव होळकर माळव्यात गेले तेव्हा हा कुलदेवही इंदूरला पोचला. पॅसिफिकच्या काठापर्यंत येणं हा त्याच वाटेवरचा एक मुक्काम आहे.

मेंढ्या इथेही आहेत. पूर्व खाडीच्या प्रादेशिक उद्यानांमध्ये उन्हाळ्यात वणव्याला वाळकं गवत मिळू नये म्हणून गाई, मेंढ्या, शेळ्या चरायला सोडतात. मिशन पीकच्या वाटेवर चढणाऱ्याला गाई हमखास भेटतात. टाकातल्या घोडेस्वाराला हा मुलूख परका वाटावा असं काही नाही.

चंपाषष्ठीची तिथी कॅलिफोर्नियाच्या सुट्ट्या बघून येत नाही. २०२४ मध्ये ती ७ डिसेंबरला, शनिवारी आली आणि सगळ्यांची सोय झाली. २०२५ मध्ये २६ नोव्हेंबरला, बुधवारी, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आली. ज्यांना तिथी साधत नाही ते जवळचा शनिवार-रविवार धरतात, पण सहा दिवस दिवा तेवता ठेवायचा प्रयत्न सगळ्यांचा असतो. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं आणि कांदा या दिवशी पुन्हा ताटात येतात. अंगणातल्या गॅस ग्रिलवर वांगी भाजली जातात, भारतीय किराणा दुकानातून बाजरीचं पीठ येतं, रोडगे होतात, भरितावर पातीचा कांदा पडतो. दिवटी आत पेटवली तर धुराचा भोंगा वाजेल, म्हणून ती बाहेर पेटते. एक रोडगा कुत्र्याचा. देवाच्या स्वारीतला मानकरी तो. शेजाऱ्याचा लॅब्रॅडॉर असला तरी मान त्यालाच मिळतो.

मग तळी. ताटात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, नाणं आणि भंडारा. ही तळी एकट्याने उचलायची नसते. तीन, पाच, सात अशा विषम संख्येने माणसं ताटाभोवती बसतात, सगळे हात लावतात आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत ती वर उचलतात. गावाकडे भाऊबंद असतात, चुलते-पुतणे असतात. फ्रीमाँटच्या घरात आईबाप आणि दोन मुलं. तेव्हा गॅरेजमधल्या गाड्या बाहेर काढून, जमिनीवर चादर अंथरून, गल्लीतल्या ओळखीच्यांना बोलावलं जातं.

आणि या गल्ल्यांमध्ये तेलुगू आणि कन्नड घरं भरपूर आहेत. हाच देव त्यांच्याकडेही आहे, दुसऱ्या नावांनी.

तेलंगणात सिद्दिपेट जिल्ह्यातल्या कोमुरवेल्लीला मल्लन्नाचं मोठं देवस्थान आहे. संक्रांतीपासून उगादीपर्यंत रविवारी तिथे जत्रा भरते, रंगीत पुडींनी जमिनीवर 'पट्नम' रेखतात, ओग्गू कथा सांगणारे डमरूच्या तालावर देवाची गोष्ट गातात. मल्लन्नाच्या दोन बायका: बलिजा घरची मेडलम्मा आणि गोल्ला, म्हणजे गवळी-मेंढपाळ घरची केतम्मा. म्हाळसा आणि बाणाई यांना ओळखणारं मराठी मन इथे चमकतं. कर्नाटकात विजयनगर जिल्ह्यातल्या मैलारला भारत हुण्णिमेच्या, म्हणजे माघी पौर्णिमेच्या सुमाराला मैलारलिंगाची जत्रा असते. काळी घोंगडी पांघरलेला गोरव, म्हणजे मैलारलिंगाचा उपासक, उंच धनुष्यावर चढून येत्या वर्षाची भविष्यवाणी सांगतो, आणि भक्त 'एळु कोटी, एळु कोटी' असा गजर करतात. तो गजर ऐकणाऱ्या मराठी कानाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाचा हा बहुभाषी गोतावळा मराठीत मांडला. जर्मन अभ्यासक ग्युंथर सोंथायमर यांनी धनगरांमागे आणि जत्रांमागे हिंडून तो डोळ्यांनी पाहिला, छायाचित्रांत आणि चित्रफितींत धरला. त्यांना त्यासाठी तीन प्रांत पालथे घालावे लागले. पुण्यातला माणूस जेजुरीला जातो, हैदराबादचा कोमुरवेल्लीला, हावेरीचा मैलारला, आणि हे तिघे आपापल्या देशी सहसा एका ताटाभोवती बसत नाहीत. इथे त्यांची मुलं एकाच शाळेत जातात, सकाळी ते स्वतः एकाच बार्ट रेल्वेने कामाला निघतात. तळीला हात कमी पडतात म्हणून हाक मारली, तर जो हात पुढे येतो तो कदाचित त्याच देवाचा, दुसऱ्या नावाने वाढलेला असतो. खंडोबाचं घराणं फ्रीमाँटमध्ये जितकं जवळ राहतं, तितकं दख्खनच्या एखाद्या शहरातही क्वचितच राहत असेल.

या जवळिकीचा उपयोग करायला हवा, कारण इथे जागरण घालायला वाघ्या नाही, ओग्गू कथा सांगायला कथेकरी नाही. गाणी फोनवरून वाजतात आणि मुलांना त्यातली गोष्ट पोचत नाही. पण हिवाळ्यात भारतातून आलेली आजी असते, आणि तिला बाणाईच्या मेंढ्यांची गोष्ट येते. समोरच्या घरातल्या अम्मम्मांना केतम्माची गोष्ट येते. दोघींना एका संध्याकाळी बसवून, मुलांनी मध्ये इंग्रजीत दुभाषेपण करून, त्या गोष्टी नोंदवून घ्याव्यात. चंपाषष्ठीला मराठी घराने बोलवावं, संक्रांतीनंतरचा एखादा रविवार तेलुगू घराने मल्लन्नासाठी राखावा, भारत हुण्णिमेला कन्नड घराने. पुढच्या मार्गशीर्षात तळीचं आमंत्रण पाठवताना मराठी मंडळींनी या दोन दारांवरही जाऊन यावं.