पाणी दाखवायचं कसं?

पाणचक्कीवरच्या चित्रकथेची पहिली संहिता मी चित्रकार मित्रापुढे ठेवली. पहिल्याच चौकटीत लिहिलं होतं : 'डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून शहरात येतं, उंच भिंतीवरून हौदात कोसळतं आणि त्याच्या जोरावर जातं फिरतं.' गुलमंडीच्या बाजारात चहा पिता पिता त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, "वाक्य झकास आहे रे. पण मी काढू काय? जमीन?"

तोवर मी कथा लिहीत होतो. 'तो उठला आणि दार उघडून बाहेर गेला', एका ओळीत काम संपतं. चित्रकाराला यासाठी तीन चौकटी लागतात. जागा नसेल तर एकच. मग ती कोणती? उठतानाची, कडीवरच्या हाताची, की मागे राहिलेल्या रिकाम्या खुर्चीची? हे ठरवण्यातच माझे निम्मे दिवस जातात. संवादांचं मागाहून पाहता येतं.

त्या चहानंतर मी अजिंठ्याला गेलो, चित्रांतून गोष्ट कशी सांगतात ते पाहायला. पूर्वी शाळेच्या सहलीतून गेलो होतो, पण त्यातला फक्त डबा आठवतो. 17 क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत राजपुत्र विश्वंतर आणि त्याची बायको माद्री मंडपात बसलेले दिसतात आणि लगेच शेजारी तीच दोघं छत्राखाली चालताना. मधे चौकट नाही, नुसता मंडपाचा खांब. खांबाअलीकडे एक वेळ, पलीकडे दुसरी. आत उजव्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट आहे : फुटलेलं जहाज, राक्षसिणी, पांढरा घोडा, हत्तींचं सैन्य. ती ओळीनं वाचायला जाल तर हमखास चुकाल. डीटर श्लिंगलोफ या जर्मन अभ्यासकानं अशा भिंती उलगडून दाखवल्या : हे चित्रकार प्रसंग पुष्कळदा काळापेक्षा जागेप्रमाणे मांडतात. बेटावरचं एकीकडे, राजवाड्यातलं दुसरीकडे. छापील पानाला ही चैन परवडत नाही. त्या मानानं वेरूळच्या कैलासात एकाखाली एक ओळींत कोरलेलं रामायण आपल्या पानाच्या जवळचं.

मला खिळवून ठेवलं ते मात्र 10 क्रमांकाच्या, कितीतरी जुन्या लेण्यातल्या षड्दंत जातकानं. चित्र फार झिजलंय. राणी सहा दातांच्या हत्तीचे दात आणायला शिकाऱ्याला धाडते. मागल्या जन्मी ती त्याच हत्तीची जोडीदारीण होती, मनात डूख धरून मेलेली. दात समोर येतात आणि ती कोसळते. मी असतो तर तिच्या तोंडी पश्चात्तापाचा एक लांबलचक फुगा दिला असता. भिंतीवर फक्त दात आहेत आणि सावरायला धावलेली माणसं.

फुग्यांवरून आठवलं. इंग्रजी चित्रकथेत बहुधा सगळी अक्षरं कॅपिटल, एका उंचीची. ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्या ओळीला वर वेलांटी, खाली उकार. तेवढेच शब्द घ्यायचे तर फुगा फुगतो आणि नायकाचा कान खातो. त्यामुळे 'परिस्थिती'सारखा शब्द मी जीव गेला तरी फुग्यात घालत नाही. उलट, मराठीत क्रियापद शेवटी येतं, हे चित्रकथा लिहिणाऱ्याचं भाग्यच. उजव्या पानाच्या तळाला 'तुझ्या बापाला मीच...' एवढंच ठेवायचं. मारलं की वाचवलं, ते पान उलटल्यावर. आवाजांचीही ददात नाही. 'ती धप्पकन बसली' यातलं 'ती' आणि 'बसली' चित्रकाराकडे जातं. मला 'धप्प' पुरतं.

पाणचक्कीचं पान शेवटी सात वेळा लिहिलं. आता त्यात चार चौकटी आहेत. डोंगर, कातळातून झिरपणारं पाणी. मग भर उन्हातला रिकामा रस्ता. तिसऱ्या चौकटीत तोच रस्ता थोडा पुढचा, सावली शोधणारी एक शेळी. चौथी पानभर रुंद, भिंतीवरून हौदात धो धो पाणी. नळ कुठेच काढलेला नाही. मित्र म्हणाला, दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीखालून जाऊ दे की त्याला.

शेळी त्याची. माझ्या संहितेत नव्हती. मी मात्र हट्टानं दुसऱ्या चौकटीवर एक ओळ राखली : 'जमिनीखाली पाणी वाहत होतं.' छापून आलेलं पान उघडलं की नजर आधी तिथंच जाते, आणि अंगठा आपसूक त्या ओळीवर पडतो.