कचरू ते पुण्णिका

शाळेची दाखल-खारीज नोंदवही हे माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकाला अस्सल साधन वाटते. विद्यार्थ्याचे नाव आणि वडिलांचे नाव तिथे एकाच ओळीत असते. जुन्या पानांवर सिद्धार्थ धोंडिबा, राहुल किसन, सुजाता दगडू अशा जोड्या दिसतात. काही पाने उलटली की सिद्धार्थ आणि राहुल वडिलांच्या रकान्यात सरकतात. अलीकडच्या पानांवर मुलांची अशी नावे येतात की अर्थ विचारला, तर पालकच मोबाईल उघडतात.

आमच्या घराचीही वंशावळ अशीच आहे. आजोबांचे नाव कचरू, त्यांच्या धाकट्या भावाचे दगडू. मूल जगत नसेल तर पुढच्या अपत्याला मुद्दाम टाकाऊ वस्तूचे नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्याकडे जाणार नाही, ही समजूत महाराष्ट्रात सर्व जातींत होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नावातही धोंडाच आहे. मात्र एका आळीतल्या धोंडोचे ‘धोंडोपंत’ झाले आणि गावकुसाबाहेरच्या धोंडूचा ‘धोंड्या’ झाला. त्या भेदाला शास्त्राचे पाठबळही होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस वाटावी असे असावे, असा नियमच आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत जो ग्रंथ जाळला गेला, त्यात आमच्या आजोबांच्या नावाची तरतूद अशी आधीच करून ठेवलेली होती.

धम्मदीक्षेने हे चित्र पालटले, हे आपण सारे जाणतो. पण नवी नावे त्याआधीच आपल्या कानांवर पडू लागली होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत महाविद्यालय काढले, त्याला सिद्धार्थ हे नाव दिले. औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. म्हणजे ही नावे प्रथम विद्येच्या दारावर लागली आणि मग आपल्या घरच्या पाळण्यात आली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर गावोगावी नामकरणाची लाटच आली. माझे सर्वांत धाकटे काका १९५७ साली जन्मले, ते सिद्धार्थ. पंचांगातले नावरस अक्षर विचारायला कोणी जोशीबुवांकडे गेले नाही.

माझे नाव मिलिंद. ग्रीक वंशाचा हा राजा भिक्खू नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारतो. मातीच्या घरात, कंदिलाच्या उजेडात जन्मलेल्या पोराला त्याचे नाव ठेवावे, ही माझ्या वडिलांची हिंमत. वसतिगृहात आल्यावर मात्र त्या नावाचे कौतुक फार दिवस टिकले नाही. एका वर्गात आम्ही तीन मिलिंद होतो. गुरुजींनी मोठा, मधला, बारका असे क्रमांक पाडले. मी मधला. सुटीत घरी गेल्यावर वडिलांकडे तक्रार केली, की जरा वेगळे नाव का नाही ठेवले?

वडील म्हणाले, “तुझ्या आजाला सारं गाव ‘ए कचऱ्या’ म्हणायचं. तुझं नाव घेताना त्याच माणसांची जीभ अडखळायची. मिलिंद तीन असू दे, नाहीतर तीनशे. कचऱ्या आता एक बी नाही.”

(‘मिल्या’ करणारे भेटलेच. पण ते मित्र होते.)

एकाच वर्गात चार राहुल आणि तीन सुजाता असणे हे कल्पनेचे दारिद्र्य आहे, असे थट्टेने म्हटले जाते. मला ते मान्य नाही. हजारो घरांनी परस्परांना न विचारता तेच नाव निवडले, याचा अर्थ तो निर्णय घराचा नव्हता, समाजाचा होता. आणि अपमानास्पद नावे ज्यांच्या गळ्यात शतकानुशतके अडकवली गेली, त्यांनी संधी मिळताच राजपुत्रांची, सम्राटांची नावे घ्यावीत, हे स्वाभाविकच होते. सिद्धार्थ, राहुल, अशोक, मिलिंद, प्रसेनजित ही सारी राजकुळातली नावे.

आता माजी विद्यार्थी फोन करतात आणि म्हणतात, “सर, एखादे युनिक नाव सुचवा.” मी विचारतो, वेगळे कशासाठी हवे? उठून दिसण्यासाठी, की ओळखू न येण्यासाठी? दुसऱ्या कारणालाही मी हसत नाही. आमचे जावई पुण्यात नोकरी करतात. घर भाड्याने शोधताना बोलणी ठरत आली की आडनाव विचारले जाई आणि मग जागा ‘आधीच गेलेली’ निघे. नात झाली तेव्हा ते मला म्हणाले, “बाबा, निदान नावावरून तरी तिला कोणी प्रश्न विचारू नये.” त्यांनी दोन-तीन अक्षरांची, कुठल्याच मातीची नसलेली नावे काढून ठेवली होती. माझ्या आईला सुजाता हवे होते. मुलगी म्हणाली, “आजी, एक आत्या सुजाता, एक मावशी सुजाता. हाक मारली की तिघी ओ देतील.”

नाव शेवटी तिनेच शोधले, थेरीगाथेच्या अनुवादातून: पुण्णिका. ही अनाथपिंडिकाच्या घरची दासी. मालकिणीच्या माराच्या भीतीने ती कडाक्याच्या थंडीतही नदीवर पाणी भरायला उतरे. तिथे पाप धुण्यासाठी कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले, की पाण्याने पाप जात असेल, तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात जातील. आणि पाप वाहून जाते तर पुण्यही का वाहून जाणार नाही? तो निरुत्तर झाला आणि बुद्धाला शरण गेला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना चवदार तळ्याची ओंजळ मिळवावी लागली, त्यांनी हे नाव इतकी वर्षे का घेतले नाही?

मला वाटते, तेव्हा ते शक्य नव्हते. कचरूच्या मुलाने आपल्या मुलीला दासीचे नाव ठेवले असते, तर गावाने त्याचा सोयीचा अर्थ लावला असता. आधी राजे होऊन घेणे भाग होते. शाक्यांचा न्हावी उपाली, जो पुढे विनयाचा अधिकारी झाला. कोमेजलेली फुले झाडणारा सुनीत, जो थेर झाला. ही नावेही आपल्या नोंदवहीत क्वचितच आढळतात. आता ती घेता येतील. वेगळ्या नावाच्या शोधात असलेल्यांना मी हीच सुचवतो.

जावयांनी ते पान दोनदा वाचले. “आयुष्यभर स्पष्टीकरण द्यावे लागेल तिला,” एवढेच म्हणाले, आणि नामकरण विधीच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झाल्यावर नाव त्यांनीच उच्चारले.

जन्मदाखला आला, त्यावर ‘पूर्णिका’ छापलेले होते. दुरुस्तीसाठी जावयांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली. मीही सोबत होतो. खिडकीपाशी ते सांगत होते, “‘पु’ ऱ्हस्व, पुढे दोन ‘ण’.” आतल्या बाईंनी लिहिता लिहिता अर्थ विचारला. मागे रांग बरीच होती, तरी जावयांनी नदीपासून सुरुवात केली.